जाजलीच्या जटा आणि सज्ज्यातले घरटे

(नाशिक येथील कुटुंब एकत्रीकरणातील व्याख्यानाचा मजकूर)



महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. शरपंजरी पडलेले पितामह भीष्म ती युधिष्ठिराला सांगतात. जाजली अरण्यात काष्ठवत निश्चल उभा राहून तप करीत असे. कुलिंग पक्ष्यांच्या एका जोडप्याने त्याच्या गुंतलेल्या जटांमध्ये घरटे बांधले आणि मादीने त्यात अंडी घातली. आपण हललो तर हा संसार मोडेल, हे ओळखून जाजली हललाच नाही. पिल्ले बाहेर आली, त्यांना पंख फुटले. ती दिवसा उडून जात आणि सायंकाळी परतत. पुढे एक महिना उलटूनही ती परतली नाहीत, तेव्हा कोठे तो तेथून निघाला.

कथा येथेच संपली असती, तर ती भूतदयेची एक गोड कथा ठरली असती. व्यासांनी मात्र ती येथे संपविली नाही. 'मला धर्म साधला,' असा अहंकार जाजलीच्या मनात आला आणि त्याच क्षणी आकाशातून शब्द ऐकू आले, की वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला येणार नाही. हा तुलाधार कोणी ऋषी नव्हता. तो तराजू घेऊन बाजारात बसणारा वाणी होता. कोणाचा द्रोह न करता, सर्व प्राणिमात्रांशी मैत्रीने वागत आपला व्यवसाय करणे, हाच त्याचा धर्म होता. तपस्वी जाजलीला त्या दुकानदाराकडे जाऊन धर्म शिकावा लागला.

ही कथा आज आठवण्याचे कारण असे, की जाजलीची परीक्षा आता अरण्यात होत नाही. ती तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेच्या सज्ज्यात होते. पाडव्यापूर्वी घराला रंग द्यायचे ठरलेले असते, रंगारी सांगितलेला असतो, आणि नेमकी त्याच सुमारास टांगलेल्या कुंडीत बुलबुलाची मादी अंड्यांवर बसलेली आढळते. 'काढून टाका ते,' असे एक जण म्हणतो. 'राहू द्या, जीव आहे,' असे घरातली आजी म्हणते. त्या घरातील मुले काय शिकणार, हे त्या एका क्षणी ठरत असते.

नाशिककरांना तर या विषयाची ओळख करून देण्याचीही गरज नाही. प्रभू रामचंद्र पंचवटीकडे निघाले, तेव्हा वाटेत त्यांना जटायू भेटला. प्रथम त्यांना तो राक्षसच वाटला. 'मी तुझ्या पित्याचा मित्र आहे,' असे त्याने सांगितले आणि राम-लक्ष्मण बाहेर असताना सीतामाईचे रक्षण करण्याचे दायित्व आपण होऊन स्वीकारले. पंचवटीतील पर्णकुटीचा शेजारी एक पक्षी होता आणि त्याने शेजारधर्म प्राण देऊन पाळला. श्रीरामांनी त्याचे अंत्यसंस्कार केले. इगतपुरी तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद ही जटायूच्या मोक्षाची भूमी मानली जाते. ज्या भूमीत पक्ष्याला पित्याचा मान मिळाला, तेथे घरट्याला अडगळ म्हणावे काय?

जुन्या नाशकातील वाड्यांना हा प्रश्न कधी पडला नाही. कौलांच्या फटी, वासे, कोनाडे, भिंतीवर पुढे झुकवून लावलेल्या पूर्वजांच्या तसबिरी या सर्व जागा चिमण्यांच्याच होत्या. अंगणात धान्य पाखडले जाई, परसात अळ्या-किडे असत. पिल्लाला काऊ-चिऊच्या नावाने घास भरवणाऱ्या आईला कावळा आणि चिमणी समोर दाखवता येत होती. वाडे पडले, सिमेंटच्या सपाट भिंती आल्या, धान्य पिशवीबंद झाले, परसबागेच्या जागी फरशा बसल्या. चिमणी दाणे टिपते, परंतु पिल्लांना ती प्रामुख्याने किडे व अळ्या भरवते. कीटकच नाहीसे झाले तर पिल्ले जगणार कशी?

या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधण्याचे कार्य नाशिकच्याच एका सुपुत्राने केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. मोहम्मद दिलावर यांनी 'नेचर फॉरएव्हर सोसायटी' स्थापन करून चिमण्यांसाठी लाकडी घरटी व दाणापात्रे घरोघरी पोहोचविण्याचे काम आरंभिले. 'टाइम' साप्ताहिकाने २००८ मध्ये पर्यावरणाच्या क्षेत्रातील जगभरच्या कर्तृत्ववान व्यक्तींमध्ये त्यांची गणना केली. त्यांच्या संस्थेच्या पुढाकाराने २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिवस साजरा झाला. त्याच वर्षी भारतीय टपाल खात्याने चिमणी व कबूतर यांच्यावर तिकिटे काढली आणि २०१२ मध्ये दिल्लीने चिमणीला राज्यपक्षी घोषित केले. भूतदया ही कोणा एका पंथाची मिरास नाही. ती या मातीची शिकवण आहे, आणि जो ती आचरतो तो आपलाच.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चिमणी देशातून नामशेष होत आहे, असे सर्रास बोलले जाते. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने वेगळे चित्र मांडले. देशभराचा विचार करता चिमण्यांची संख्या बरीचशी स्थिर आहे. घट आहे ती मुंबई, दिल्ली, बंगळूरू यांसारख्या महानगरांत. याचा अर्थ असा, की चिमणीने देश सोडलेला नाही, शहरांनी चिमणीला सोडले आहे. नाशिकलाही महानगराच्या वाटेने जायचे असेल, तर हा धडा आजच गिरविला पाहिजे.

निसर्गाला शत्रू मानणारी विचारसरणी कोठे नेते, याचेही उदाहरण इतिहासात आहे. साम्यवादी चीनमध्ये १९५८ साली माओच्या आदेशाने उंदीर, माश्या व डास यांच्याबरोबर चिमण्यांनाही शत्रू ठरविण्यात आले. थाळ्या, ढोल बडवून त्यांना टेकू न देता दमवून मारण्यात आले, घरटी उद्ध्वस्त करण्यात आली. परिणामी पिकांवरील किडींना रान मोकळे झाले. चुकीच्या धोरणांमुळे ओढवलेल्या भीषण दुष्काळात या कृत्यानेही भर घातली. १९६० मध्ये शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे नाव घालावे लागले.

आपल्याकडे याच्या नेमके उलट सांगितले आहे. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ व मनुष्ययज्ञ यांच्या बरोबरीने भूतयज्ञ आहे. प्राणिमात्रांचा वाटा काढून ठेवल्याखेरीज गृहस्थाने जेवू नये, ही त्यामागील दृष्टी. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडल्या गेलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आणि कुटुंब प्रबोधन हे दोन स्वतंत्र विषय आहेत. सज्ज्यातले घरटे या दोहोंना एकत्र आणते.

तथापि भूतदयेला विवेकाची जोड हवी. बुलबुल वा होला यांचे घरटे आणि कबुतरांचे थवे या एकाच गोष्टी नव्हेत. बुलबुल दोन-तीन अंडी घालतो, दोन आठवड्यांच्या आत-बाहेर पिल्ले निघतात आणि पुढील दोन आठवड्यांत ती घरटे सोडतात. एकूण मागणी महिनाभराची असते. कबूतर हा मूळचा कड्याकपारींतला पक्षी. उंच इमारती हेच त्याचे कडे झाले आणि पोत्याने टाकलेल्या धान्याने तो वर्षभर वाढत राहिला. त्याच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ व पिसांचे कण वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास काहींना फुप्फुसांचा गंभीर विकार जडतो. मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा श्रद्धा आणि सार्वजनिक आरोग्य समोरासमोर उभे राहिले. दोन्ही बाजूंना कळकळ होती. मात्र ज्या दानाने शेजाऱ्याचा श्वास कोंडतो, ते दान तुलाधाराच्या तराजूत उतरणार नाही. कबुतरांना अन्न टाकू नये आणि जाळी बसवायची तर घरटे रिकामे असताना, ताणून बसवावी. सैल जाळीत अडकून तडफडणारा जीव हे पापच आहे.

ज्या घरात घरटे झाले, त्यांनी फार काही करावयाचे नसते, बरेच काही टाळावयाचे असते. कुंडीला पाणी कडेने, हलक्या हाताने घालावे. कीटकनाशक फवारू नये. छायाचित्रांसाठी वारंवार जवळ जाऊ नये, कारण आपल्या येण्याजाण्यावर कावळ्याची व मांजराची नजर असते. चिमणी घरात शिरत असेल तर पंखा बंद ठेवावा. पिसे न फुटलेले पिल्लू खाली पडलेच, तर ते अलगद घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की आई त्याला टाकते, हा गैरसमज आहे. उन्हाळ्यात मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवावे, ते रोज बदलावे. फरसाण-बिस्किटे घालण्यापेक्षा तगर, जास्वंद, कढीलिंब लावावा. शिंजिराची मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणून लटकते घरटे एकटी विणते. तेव्हा सज्ज्यातील प्रत्येक जळमट काढलेच पाहिजे असे नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना नुकसान पोहोचविणे आणि घरट्यांना उपद्रव देणे यांचा समावेश आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. येवल्याचा पतंगोत्सव हे या जिल्ह्याचे भूषण आहे. पण संक्रांतीच्या आनंदात सुती दोर सोडून नायलॉनचा मांजा घरात आणणाऱ्याने सज्ज्यात पाण्याचे भांडे ठेवले, तर त्या भांड्याला अर्थ उरत नाही.

जाजलीचे चुकले कोठे? त्याची दया खरी होती, तिचा त्याने हिशेब मांडला, इथे तो चुकला. घरटे राखणाऱ्या कुटुंबाने जगाला काही दाखवायचे नाही. रंगारी महिनाभर थांबवायचा, पाण्याचे भांडे भरायचे आणि पिल्ले एका सकाळी न सांगता उडून गेली, तर कृतज्ञतेची अपेक्षा न ठेवता रिकामी कुंडी तशीच टांगलेली ठेवायची. पुढच्या वर्षी कोणी येईल, न येईल. जागा मात्र असली पाहिजे.