क्रोनचा विकार : ऊतींची साक्ष आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

आजच्या विषयाचा आरंभ एका गैरसमजापासून करणे उचित होईल. रोगट आतडे कापून टाकले की रोग गेला, अशी सर्वसाधारण समजूत असते. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील या विकाराचे वर्णन केले, तेव्हा शस्त्रक्रियेकडून मोठी आशा बाळगली जात होती. पुढे मात्र रोग नव्या जोडापाशीच पुन्हा डोके वर काढतो, असे दिसून आले.

या विकारातील दाह आतल्या अस्तरावर थांबत नाही. तो आतड्याची भिंत आरपार भेदतो. त्यामुळे शेजारच्या आतड्याकडे, मूत्राशयाकडे वा त्वचेकडे नाडीव्रणाची वाट पडते, पू साचतो. दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला की तेथे तंतुमय ऊती साठून नळी आकसते. सूज औषधाने उतरते. तंतुमय झालेली भिंत औषधाने सैल होत नाही. अन्न अडू लागले, पोट फुगून उलट्या होऊ लागल्या, की शस्त्रक्रिया फार काळ टाळता येत नाही.

भारतात अडचण आहे ती क्षयाची. ग्रॅन्युलोमा नावाच्या सूक्ष्म गाठी दोन्ही रोगांत आढळतात. क्षयात त्या मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या व मध्यभागी कुजलेल्या असतात. क्रोनमध्ये लहान आणि सुट्या. परंतु दुर्बिणीतून घेतलेला तुकडा वरवरच्या थराचा असल्याने कित्येकदा त्या सापडतच नाहीत. येथील चूक महाग पडते. क्षयाच्या रुग्णास प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिल्यास क्षय भडकतो. उलट क्रोनच्या रुग्णाचे महिने क्षयाच्या गोळ्यांत जातात आणि आतडे आकसतच राहते.

गंमत अशी की, क्रोनच्या रुग्णांना उपकारक ठरलेली एक पद्धत क्षयाच्याच उपचारातून आली. क्षयाने आकसलेले आतडे न कापता, त्यावर लांबीने छेद घेऊन तो आडवा शिवण्याची रीत चंदीगडच्या शल्यविशारदांनी १९७७ साली प्रसिद्ध केली. ऑक्सफर्डच्या इमॅन्युएल ली यांनी ती क्रोनच्या रुग्णांवर वापरल्याचे वृत्त १९८२ साली आले. वारंवार कापल्यास अन्न शोषण्यापुरते आतडेही उरत नाही, म्हणून या रीतीचे मोल मोठे.

कापावे लागलेच, तर किती? क्लीव्हलंड येथील १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोगट भागापलीकडे २ सेंटिमीटर कापलेले आणि १२ सेंटिमीटर कापलेले रुग्ण यांच्यात रोग उलटण्याच्या दृष्टीने लक्षणीय फरक आढळला नाही. कापलेल्या कडेवर सूक्ष्मदर्शकाला दाह दिसला, तरीही नाही. म्हणून शल्यविशारद आज डोळ्यांना दिसणारा रोगट भाग तेवढाच काढतात, आणि सहा ते बारा महिन्यांत जोड दुर्बिणीने पुन्हा तपासला जातो.