एक हात खाली राहू द्या

(जिल्हा मेळाव्यात तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात आम्ही सहसा दुसऱ्यांच्या चुका सांगतो. आज आमची स्वतःची एक चूक सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या सभेत आम्ही रस्ता रोकोची तारीख मांडली. 'मंजूर असेल त्यांनी हात वर करा' म्हटले. सगळे हात वर गेले. मागच्या बाजूला वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा उभा राहिला. म्हणाला, "त्या दिवशी बारावीचा पेपर आहे. पोरं एस.टी.नं तालुक्याला जातात. तारीख एक दिवस पुढं ढकला." त्याचे बोलणे पुरे व्हायच्या आत गलका झाला, "खाली बस!" कोणी त्याला फितूर म्हटले. त्याच्याच वयाच्या पोरांनी सदरा ओढून त्याला खाली बसवले. माईक आमच्या हातात होता. आम्ही गप्प राहिलो. खरे सांगायचे तर एवढी एकजूट पाहून आम्हाला बरेच वाटले.

रस्ता रोको जोरात झाला. एस.टी. अडली आणि आतल्या पोरांचा पेपर बुडाला. ती पोरे आपलीच होती. पुढे कितीतरी जणांनी आम्हाला सांगितले, "तो बरोबर बोलतोय हे आम्हालाही वाटत होतं. पण सगळ्यांचेच हात वर. एकट्यानं काय करायचं?"

या 'एकट्यानं काय करायचं' मध्येच सारे दुखणे आहे. माणूस एकटा पडायला भितो. ही भीती केवढी असते, ते अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली दाखवून दिले. कापसाच्या भाषेत सांगतो. समजा, धाग्याची लांबी बघायला आठ जण बसवले. त्यातले सात आधीच पढवलेले. लांब धागा समोर धरून सातही जण म्हणतात, 'आखूड.' आठवा डोळ्यांनी लांब बघतो. तो काय म्हणेल? अ‍ॅशने धाग्यांऐवजी कागदावरच्या रेघा दाखवल्या होत्या. पोरे कॉलेजात शिकणारी होती. चुकीच्या उत्तरासाठी कोणी मारणार नव्हते, दंडही नव्हता. तरी चारातल्या सुमारे तिघांनी एकदा तरी डोळ्यांदेखत खोटे उत्तर दिले.

पण याच प्रयोगाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. त्या पढवलेल्यांतला एकच जण खरे बोलायला लागला, की चुकांचे प्रमाण पाव हिश्श्यावर यायचे. सगळी सभा फिरावी लागली नाही. एक जोडीदार पुरला.

आता जर्मनीकडे चला. तिथली गोष्ट शेतकऱ्यांपासून सुरू होते, म्हणून ती आपण ऐकली पाहिजे. उत्तरेच्या श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतात शेतमालाचे भाव पडले होते, कर्ज आणि कर वाढले होते, घरादारांचे लिलाव होत होते. २८ जानेवारी १९२८ रोजी त्या प्रांतात लाखावर शेतकरी रस्त्यावर उतरले. गाऱ्हाणे शंभर टक्के खरे होते. पण गाऱ्हाणे खरे असले म्हणजे त्यावर मिळणारे औषधही खरे असते असे नाही. १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला त्या प्रांतात शंभरात चार मते पडली. जुलै १९३२ मध्ये शंभरात एक्कावन्न.

शेतकऱ्याला काय मिळाले? १९३३ साली वारसा-शेतीचा कायदा आला. त्यात बसणारी जमीन सावकाराच्या जप्तीतून सुटली, हे खरे. पण ती विकण्याचा आणि गहाण ठेवण्याचा हक्कही गेला. काय भावाने विकायचे, कोणाला द्यायचे, हेही सरकार ठरवू लागले. शेतकऱ्याचा जयजयकार करत करत शेतकऱ्याचे हात बांधले.

आणि पोरांचे काय झाले? १९३२ च्या अखेरीस 'हिटलर युवक' या संघटनेत लाखभर पोरे होती. १९३६ च्या अखेरीस ती पन्नास लाखांवर गेली. बाकीच्या युवक संघटना एक तर बंद केल्या, नाही तर यात मिळवल्या. १९३९ मध्ये भरती सक्तीची झाली. पण पहिली पोरे सक्तीने आली नव्हती. ती आनंदाने आली. घरी बाप बेकार, देशात साठ लाखांच्या घरात बेकार. पोराला घरात किंमत नाही, गावात किंमत नाही. तिथे मात्र गणवेश मिळाला, झेंडा मिळाला, सहल, गाणी, शेकोटी मिळाली. पंधराव्या वर्षी दहा पोरांवरचा नायक होता आले. आधी एकसारखे कपडे, मग एकसारखी घोषणा, मग एकसारखा शत्रू. प्रत्येक पायरी इतकी लहान, की त्या पायरीवर थांबणाराच वेडा दिसावा.

त्यातलाच एक हान्स शोल. बाप हिटलरच्या विरोधात, त्याच्याशी भांडून पोरगा संघटनेत गेला. नायक झाला. न्यूरेंबर्गच्या मोठ्या मेळाव्यात झेंडा धरण्याचा मान त्याला मिळाला. त्याच्या बहिणीने पुढे लिहिले आहे, की त्याच्या तुकडीतल्या पोरांनी स्वतःच्या हाताने एक झेंडा केला होता. वरच्या नायकाने हुकूम केला, तो खाली ठेवा, सगळ्यांचा झेंडा एकच. धरणारा पोरगा बारा वर्षांचा. हान्सने पुढे होऊन त्या वरच्या नायकाच्या थोबाडीत दिली. त्याचे पद गेले, पण डोळे उघडायला लागले. जून १९४२ पासून तो आणि त्याचे मित्र हिटलरविरुद्ध पत्रके छापून वाटू लागले. पुढे त्याची बहीण सोफी त्यांना मिळाली. १८ फेब्रुवारी १९४३ ला म्युनिकच्या विद्यापीठात भाऊ-बहीण पकडले गेले. चारच दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, दोघांचे आणि त्यांचा मित्र क्रिस्टोफ प्रोब्स्ट याचे मुंडके उडवले. हान्स चोवीस वर्षांचा, सोफी एकवीसची.

एवढ्या लांबची गोष्ट का सांगितली? कारण ज्या वेळी 'नाही' म्हणायला नुसते धाडस लागत होते, त्या वेळी थोडे बोलले. नंतर 'नाही' म्हणायला जीव द्यावा लागला. 'नाही' म्हणायचे ते स्वस्त आहे तोवर म्हणावे. उशीर केला की त्यावर व्याज चढते, आणि व्याज काय असते ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

कोणी विचारेल, मग एकजूट कशी टिकायची? एकजूट हवीच. एकट्या शेतकऱ्याला कोणी विचारत नाही. पण पटवून केलेली एकजूट वेगळी आणि भेदरून झालेली वेगळी. मेंढरेही एकत्रच चालतात. त्याला कोणी आंदोलन म्हणत नाही.

पोरांनो, आज तुम्हालाही गणवेश द्यायला, पद द्यायला, मोबाइलवरच्या गटात घ्यायला पुष्कळ जण टपले आहेत. कुठेही जा, आमच्याकडे या नाही तर दुसरीकडे, तीन गोष्टी तपासा. पुढाऱ्याला हिशेब विचारता येतो का? शिव्या न खाता बाहेर पडता येते का? आणि कालपर्यंत ज्याच्याशी तुमची इर्जिक होती त्या शेजाऱ्याला आज शत्रू म्हणायला सांगतात का? पहिल्या दोहोंचे उत्तर 'नाही' आले, किंवा तिसऱ्याचे 'हो' आले, तर चपला घाला आणि घरी या.

आणि आमच्या सभांसाठी तीन नियम करू. हात वर करायला सांगण्याआधी, विरोध असेल त्याला आधी बोलू द्यायचे. तो बोलत असताना जो ओरडेल त्यालाच खाली बसवायचे, आणि ते काम व्यासपीठाचे. निर्णय पटला नाही म्हणून जो घरी थांबेल त्याला फितूर म्हणायचे नाही.

त्या पोराकडे आम्ही पुढे गेलो होतो. चूक झाली म्हणालो. तो एवढेच म्हणाला, "तुम्ही आत्ता म्हणता ते तेव्हा माईकवर म्हणायचं होतं." म्हणून आज माईकवर म्हणतो आहोत.

आता ठराव मांडायचा आहे. हात वर करण्याआधी, ज्याला तो पटलेला नाही त्याने पुढे यावे. माईक इथे आहे.