मध्ये बसणाऱ्याने आधी काय बघायचं

(कार्यकर्ता शिबिरात एका निवृत्त न्यायाधीशांनी केलेलं हे भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. त्यांच्या सांगण्यावरून नाव दिलेलं नाही.)



मला बोलवायला आलेल्या तुमच्या कार्यकर्त्याने वाटेत विचारलं, "साहेब, तुम्ही आता मध्यस्थी करता म्हणे. म्हणजे नक्की करता काय?" प्रश्न बरोबर आहे. एवढी वर्षं मी खुर्चीत बसून निकाल दिले. एक जिंकायचा, एक हरायचा, आणि मी खाली मान घालून लिहायचो. आता खुर्ची गेली, पुकारा करणारा शिपाई गेला. लोक तरी बोलवतात. मग मी जातो, आणि बहुतेक वेळा ऐकतो.

मध्यस्थ आणि लवाद ह्यात घोटाळा करू नका. लवादाला आपण सांगतो, तू ठरव. तो ठरवतो आणि ते पाळावं लागतं. मध्यस्थ काही ठरवत नाही, ठरवायचं दोघांनीच. नाही जमलं तर उठायचं आणि कोर्टात जायचं, तो हक्क कुठे जात नाही. हे मी बसल्याबसल्या पहिल्यांदा सांगतो. मला वारली येत नाही, म्हणून ते त्यांच्या बोलीत सांगणारा माणूस शेजारी घेतो. तो माणूस दोघांनाही चालणारा पाहिजे. नाहीतर सगळं तिथेच बिघडतं.

जुलै २००२ पासून दिवाणी कायद्यात कलम ८९ लागू झालंय. कोर्टाला वाटलं की ह्यात मिटण्यासारखं आहे, तर कोर्टच आता दावा मध्यस्थीला, सलोख्याला किंवा लोकअदालतीला पाठवू शकतं. त्यामुळे तुमच्या हातात असल्या नोटिसा येणार. काहींना आल्याही असतील. म्हणून आज मी माझी एक चूक सांगायला आलोय. ठिकाण सांगत नाही, माणसंही नाही.

लोकअदालत होती. त्या दिवशी किती प्रकरणं मिटली ह्याचा आकडा संध्याकाळी वर कळवायचा होता. माझ्यासमोर एक आदिवासी विधवा आली. दोन एकर जमीन. नवऱ्याने १९८१ साली साध्या स्टँपवर अंगठा देऊन बिगर-आदिवासी माणसाच्या ताब्यात दिलेली. नवरा वारल्यावर बाई नांगर घेऊन शेतात उतरली, तर त्याने मनाई हुकुमाचा दावा लावला. आता तडजोड अशी की त्याचा कब्जा ती मान्य करणार आणि तो तिला चार हजार रुपये देणार. मी विचारलं, "राजी आहेस का?" ती म्हणाली, "हो." अंगठा झाला. निवाड्यावर माझी सही झाली. दोघांना हात जोडायला लावून फोटोसुद्धा काढला.

पुढे निवृत्त झाल्यावर बाजाराच्या दिवशी तिच्या मुलाने मला ओळखलं. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, आईला त्यांच्याच जीपमधून आणलेलं. परत जायचं पण त्यांच्याच जीपमधून होतं. मग ती 'नाही' कशी म्हणणार?"

जीप मी विचारलीच नव्हती. पण जीप राहू द्या, त्याहून मोठी गोष्ट मी नजरेआड केली होती. ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची असेल तर महसूल कायद्याचं कलम ३६ अ आड येतं. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण असेल तर कलेक्टरची आधी परवानगी लागते. विक्री, बक्षीस, बाकी काहीही असेल तर कलेक्टरने त्याआधी सरकारचीही मंजुरी घ्यायची. तो स्टँप मुळात बेकायदा होता, आणि मी त्याच बेकायदा व्यवहाराला तडजोडीचा शिक्का मारून दिला. मी काय करायला पाहिजे होतं? तडजोड नोंदवायला नकार द्यायचा, प्रकरण परत पाठवायचं आणि ३६ अ चा भंग झालाय असं कलेक्टरला लिहायचं. तडजोड कायदेशीर असली तरच कोर्टाने ती नोंदवायची असते. दिवाणी कायद्यात तेच लिहिलंय आणि मला ते पाठ होतं. पण आकडा द्यायचा होता.

म्हणून आता कुणी बोलवलं की मी आधी सातबारा आणि फेरफार मागतो. माणसं नंतर. कागद बघितल्यावर कळतं की मी इथे बसावं की नाही. जमीन आदिवासीची, ताबा बिगर-आदिवासीचा, आणि म्हणणं काय, तर 'अर्धी अर्धी करून मिटवा'. तिथे मी बसत नाही. १९७४ चा जमिनी परत करण्याचा कायदा बघा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात गेलेल्या जमिनींसाठी तो आहे. आदिवासीने स्वतः कसण्याची हमी द्यायची, आकाराच्या ४८ पट रक्कम द्यायची, समोरच्याने काही सुधारणा केली असेल तर तिची किंमत द्यायची, आणि जमीन परत. कलेक्टर अर्जाची वाट न बघता स्वतःहूनही चौकशी करू शकतो. ह्यात 'अर्धी' कुठेच नाही. समोरच्याला काय मिळायचं ते विधानसभेने आधीच ठरवून दिलंय. मी मध्ये बसून आणखी काय देणार, आणि कुणाच्या खिशातून?

ह्याच कायद्यात ह्या चौकशीत वकील उभा करता येणार नाही असं कलम आहे. लिंगप्पा पोचन्नाच्या खटल्यात १९८४ साली सुप्रीम कोर्टाने कायदाही उचलून धरला आणि हे कलमही. कारण उघड आहे. एकाकडे वकील आणि दुसऱ्याकडे कुणीच नाही, अशी झुंज ती झुंजच नव्हे. मी आयुष्यभर वकिलांच्या घोळक्यात काढलेला माणूस, मला हे पटायला वेळ लागला. आता वाटतं, मध्यस्थीलाही हीच कसोटी लावावी. एकाला थांबायला दहा वर्षं आहेत आणि दुसऱ्याला पेरणीपर्यंतच वेळ आहे, तर त्या दोघांची 'राजीखुशी' सारखी नसते.

मग मी बसतो कुठे? तुमच्या-तुमच्यात. एक सांगतो. दोन भाऊ, मधल्या बांधावर ऐनाची सात झाडं आणि एक मोह. राबासाठी ऐन कुणी खांडायचा ह्यावरून कोयते निघाले होते. मी थोरल्याला वेगळं घेतलं, मग धाकट्याला. आत सांगितलेलं मी बाहेर नेत नाही, म्हणून माणूस आत मोकळा होतो. धाकटा तासभर झाडांवरच बोलला आणि उठता उठता म्हणाला, "आज झाडं त्याची म्हटली तर उद्या शेतपण त्याचंच." सातबारा काढला, तर बाप गेल्यावर एकट्या थोरल्याचं नाव लागलेलं. भांडण झाडांचं नव्हतंच. वारस नोंद दुरुस्त करायची, कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करायचा आणि तोवर ऐन एक वर्षाआड खांडायचा, असं दोघांनी ठरवलं.

मी विचारलं, "बहीण कुठाय?" सगळे हसले. तिला सासरहून बोलावून घेतलं. आदिवासींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, त्यामुळे तिच्या हिश्श्याचा प्रश्न रूढीवर जातो आणि रूढी सांगणारे सगळे पुरुष. तिला वेगळं घेऊन विचारलं, नाव लावायचंय का? म्हणाली, "नाव लावलं तर भावांचं दार बंद होईल. मला मोहाची फुलं द्या." मोह तिला दिला. मी बरोबर केलं का? मला आजही ठाम सांगता येत नाही.

एक रीत मात्र मी सोडत नाही. ठरल्याच्या दिवशी अंगठा घेत नाही. कागद वाचून दाखवतो, मग म्हणतो, "काय ठरलं ते तुझ्या शब्दांत मला सांग." सांगता आलं नाही तर ठरलेलं नाही. सांगता आलं तरी पुढच्या बाजारापर्यंत थांबायचं. घरी जाऊन बायकोला विचार, आईला विचार. कितीतरी 'हो' ह्या आठ दिवसांत 'नाही' होतात. आणि परत जायचं भाडं कुणाकडे आहे, हे आता मी विचारतो.

दळी जमिनीबद्दल, जंगलातल्या प्लॉटबद्दल मला विचारू नका की वनखात्याशी मिटवून द्या. कुणी म्हणेल, दोन एकर सोड, एक एकर ठेव. तुमचा दावा कसण्याच्या पुराव्यावर उभा आहे. दंडाच्या पावत्या जपा, म्हातारी माणसं सांगतात ते लिहून काढा. अर्ध्यावर सही केलीत की उरलेल्या अर्ध्याचं पाणी सोडलंत.

(प्रश्न : ज्यांनी लोकअदालतीत आधीच अंगठा दिलाय, त्यांनी काय करायचं?)

त्या निवाड्यावर अपील नाही. तो हुकूमनाम्यासारखाच धरतात. म्हणून तर म्हणतो, अंगठ्याआधी थांबा. पण निवाडाच कायद्याच्या विरुद्ध असेल तर हायकोर्टात रिट करता येतं. आदिवासीला वकील फुकट मिळतो, कितीही उत्पन्न असलं तरी. कायदेविषयक सेवा कायद्याचं कलम १२ आहे. ३६ अ खाली कलेक्टरकडे अर्जही करायचा. त्या बाईच्या मुलाला मी हेच सांगितलं, आणि निवाड्यावर सही माझी होती हे अर्जात लिही, असंही सांगितलं. तो अजून नकलेसाठी खेपा घालतोय. तुमच्यापैकी ज्यांचं असं झालं असेल त्यांनी आधी निवाड्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा. तालुक्याला जाणारा एक कार्यकर्ता सोबत घ्या. नक्कल हातात आली की मला दाखवा.