“आजवर असेच” आणि “आजवर कधीच नाही”

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



“इतिहासाचा रोजच्या जीवनात उपयोग” या विषयावर चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा आमच्या घरात प्रथम हसूच झाले. सूनबाई म्हणाली, “आई, सनावळ्या पाठ केल्या म्हणून भाजी स्वस्त मिळते का?” प्रश्न रास्त आहे. शाळेत आपण इतिहास शिकलो तो परीक्षेपुरता. लढाई कोणत्या साली, तह कोणत्या गावी, एवढे लिहिले की मार्क मिळत. परीक्षा झाली आणि पुस्तक रद्दीत गेले.

पण थोडा विचार केला की ध्यानात येते, इतिहास आपण रोज बोलतच असतो. प्रत्येक घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, “आपल्यात पूर्वीपासून असेच चालत आले आहे.” आणि दुसरे, “आजवर असे कधीच झाले नाही.” ही दोन्ही वाक्ये इतिहासाचीच आहेत. ती खरी की खोटी हे तपासायला जी शिकली, ती सावध राहते. जी शिकली नाही, ती बोलणाऱ्याच्या आवाजावर विश्वास ठेवते.

दुसरे वाक्य आधी घेऊ, कारण ते आपल्या दारापर्यंत आले होते. सांगलीला कृष्णामाई नवी नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ वर गेले की धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टात पाणी चढू लागले तेव्हा किती तरी घरांत एकच हिशेब झाला. २००५ साली पाणी पायरीपर्यंत आले होते, तेव्हा सामान माळ्यावर टाकू आणि घरातच थांबू. त्या खेपेस पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ ची खूण पाण्याखाली बुडाली. पाणी चढल्यावर निघायचे म्हणजे जीव नावेवर सोपवायचा. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली, तिच्यात बायका आणि मुलेही गेली. ते आठवले की आजही घास उतरत नाही.

मग इतिहास खोटा ठरला का? नाही. आपण एका पुराला सगळा इतिहास समजलो. भिंतीवरची खूण एवढेच सांगते की, पाणी इथवर येऊ शकते. याच्यापुढे येणार नाही, असे ती कधीच सांगत नाही. माझे माहेर साताऱ्याचे. त्या जिल्ह्यानेही हा धडा घेतला आहे. दख्खनची जमीन स्थिर, इथे मोठा भूकंप होत नाही, असे जाणकारही मानीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, आणि त्या “कधीच नाही”चा शेवट झाला.

आता पहिले वाक्य, “असेच चालत आले आहे.” हे वाक्य लग्नाच्या बैठकीत फार चालते. परवाच ओळखीच्या एका घरी देण्याघेण्याची बोलणी चालली होती. मुलीचे वडील कर्जाच्या विचारात, आणि पलीकडून शांतपणे उत्तर, “आम्ही काही मागत नाही हो, पण आपल्या भागाची रीत आहे.”

आपल्या भागाची रीत! भगिनींनो, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. या जुन्या साताऱ्यात १९४३ पासून १९४६ पर्यंत प्रतिसरकार चालले. त्याचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील वाळवे तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. प्रतिसरकार म्हटले की आपल्याला रेल्वे अडवणे आणि खजिना लुटणे तेवढे आठवते. पण त्याच सरकारने गावोगाव न्यायदान मंडळे बसवली, सावकारीचे आणि जमिनीचे तंटे तोडले, आणि हुंडा व वाजंत्री यांना फाटा देऊन थोडक्या खर्चात लग्ने लावली. त्यांना लोक गांधी विवाह म्हणत. म्हणजे रीतच काढायची तर ती हीसुद्धा आपल्या भागाची रीत आहे! हे ज्या आईला ठाऊक आहे, तिला बैठकीत मान खाली घालावी लागत नाही.

त्याच नानांच्या कन्या हौसाताई. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर त्यांनी आणि त्यांच्या साथीदाराने नवराबायकोच्या भांडणाचे सोंग आणले. शिपाई सोडवायला धावले, तोवर इतरांनी आतली हत्यारे पळवली. “बायकांनी असल्या कामात पडायचे नसते, पूर्वीपासून तसेच आहे,” असे कोणी म्हणाले, तर ही गोष्ट जरूर सांगावी.

आणखी एक “रीत” आहे. भाऊ कागद पुढे करतो आणि म्हणतो, “ताई, हक्कसोडपत्रावर सही कर, आपल्यात मुली वाटा घेत नाहीत.” सही करावी की नाही, हे जिचे तिने ठरवावे. पण १९५६ च्या कायद्याने मुलगी बापाची वारस ठरली, आणि २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाइतकाच हक्क मिळाला, एवढा इतिहास तरी सहीच्या आधी तिला माहीत हवा. न कळता केलेली सही, ही काही माया नव्हे.

आता तुम्हाला एक प्रश्न विचारते. आपल्या आजीच्या आईचे नाव किती जणींना सांगता येईल? पणजोबांचे नाव जुन्या कागदात सापडते. पणजीचे शोधू गेले तर बहुधा सापडत नाही. माहेरचे तर नाहीच. मीही हे भाषण लिहायला बसले तेव्हा अडले, आणि सांगणारे माणूस आता घरात उरलेले नाही.

म्हणून विनंती एवढीच. घरातल्या सर्वांत वडील बाईजवळ एक दुपार बसा. पुराचे पाणी कोणत्या साली कुठवर आले, तिच्या लग्नाला काय खर्च आला, तिच्या आईचे आणि आजीचे नाव काय, हे वहीच्या एका पानावर लिहून ठेवा. तिची तारीखही घाला. मंडळाने अशी पाने एकत्र शिवून ठेवली, तर उद्या आपल्या नातींना कोणी “असेच चालत आले आहे” म्हणाले, की त्या म्हणतील, “थांबा, वहीत बघते.”