आठ रुपयांचा आहार, साडेचारशेची फी
(वाराणसीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुम्ही पहिल्यांदा या शहरात आलात तेव्हा कुणीतरी तुम्हाला घाट दाखवायला नेलं असेल. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट. आपल्याकडचा बराच पैसा इथे दगडात घातलेला आहे. तो कुणाच्या शेतसाऱ्यातून आला, हे पाटीवर नसतं. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने, आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर. मला आज तोच हिशेब सहा वर्षांखालच्या मुलांना लावायचा आहे. अंगणवाडी, पाळणाघर, नर्सरी यांत सरकार किती पैसे घालतं, आणि जे घालत नाही ते कोण भरतं?

विषय ऐकून मागच्या बाकावरची काही मुलं जरा सैलावली. बायकांचा विषय आहे असं वाटलं असेल. हात वर करायला सांगत नाही, पण मनात मोजा. इथे बसलेल्यांपैकी किती जणांची आई, मावशी, वहिनी सेविका किंवा मदतनीस आहे? घरातल्या पहिल्या पदवीची फी किती जणांनी त्या मानधनातून भरली? माझा अंदाज आहे, इथल्या प्रत्येक रांगेत निदान एक तरी निघेल.

‘मानधन’ हा शब्दच बघा. पगार म्हटलं तर किमान वेतन आलं, भविष्य निर्वाह निधी आला, निवृत्तिवेतन आलं. मानधन म्हटलं की त्यातलं काही येत नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली तेव्हापासून ही बाई कागदावर स्वयंसेविका आहे. ती वजनं घेते, लसीकरणाला बाया गोळा करते, मोबाइलवर रोजची नोंद भरते, मुलांना शिकवते, आणि तरीही स्वयंसेविका.

2006 साल फार बोलकं आहे. त्या वर्षी 13 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात देशभर 14 लाख अंगणवाड्या सुरू करण्याचा आदेश दिला, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यायला सांगितलं. त्याच वर्षी त्याच न्यायालयाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात सांगितलं की अंगणवाडी सेविकेचं पद हे सरकारी सेवेतलं पद नाही. म्हणजे केंद्रं सगळीकडे हवीत, पण ती चालवणारी सरकारची कर्मचारी नव्हे. पुढे 25 एप्रिल 2022 ला न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला. हे मिळायला योजना सुरू झाल्यापासून 47 वर्षं लागली.

आता आकडे. 1 ऑक्टोबर 2018 पासून केंद्राच्या हिशेबात सेविकेचं मानधन महिना 4,500 रुपये आणि मदतनिसाचं 2,250. त्यातही केंद्राचा वाटा बहुतेक राज्यांत 60 टक्के, उरलेले राज्याचे. राज्याला वर आणखी घालायचे असतील तर त्याने आपल्या खिशातून घालावेत. म्हणून राज्याराज्यांत फरक पडतो. महाराष्ट्राने मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात सेविकेचे 8,325 चे 10,000 केले आणि मदतनिसाचे 4,425 चे 5,500. तेही आपोआप झालं नाही, त्याआधी फेब्रुवारीत संप झाला होता. मग 4 डिसेंबर 2023 पासून पुन्हा 52 दिवसांचा संप झाला, त्यानंतर आणखी वाढ मिळाली. वाढीचा प्रत्येक रुपया रस्त्यावर बसून आणलेला आहे.

मुलाच्या ताटाचं काय? पूरक पोषण आहाराचा दर 2017 साली ठरला: सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला 8 रुपये, तीव्र कुपोषित मुलाला 12 रुपये. या खर्चात केंद्र-राज्य निम्मे-निम्मे. 2017 ला अंडं कितीला होतं आणि आज कितीला आहे, तुम्ही मेसचं बिल भरता, तुम्हाला मी सांगायची गरज नाही. दर वाढवू असं 2025 च्या अर्थसंकल्पी भाषणात सांगितलं गेलं. त्या भाषणात आठ कोटींहून जास्त मुलांचा उल्लेख होता आणि योजनेला तरतूद होती 21,960 कोटींची. आकडा मोठा वाटतो ना? सुमारे 14 लाख अंगणवाड्यांनी भागा. एका अंगणवाडीला केंद्राकडून वर्षाला साधारण 1 लाख 57 हजार, महिन्याला 13 हजारांच्या आसपास. शिवाय याच पैशात पोषण अभियान आणि किशोरवयीन मुलींची योजनाही येते. खोलीचं भाडं, गॅस, वजनकाटा, आहार, दोन बायांचं मानधन हे सगळं यात आणि राज्याच्या वाट्यात बसवायचं. ते कसं बसतं? बसत नाही. भांडी ती घरून आणते, मोबाइलचा रिचार्ज स्वतः मारते, भाडं थकलं तर घरमालकाचं ऐकून घेते. सरकारी ताळेबंदात न दिसणारं हे अनुदान आपल्या आया सरकारला देत आल्या आहेत.

राज्यांवर भार टाकायची तऱ्हाही समजून घ्या, पुढे कामाला येईल. 14व्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा 32 वरून 42 टक्के केला. त्याकडे बोट दाखवून 2015-16 च्या अर्थसंकल्पात बालविकास योजनेची तरतूद 18 हजार कोटींवरून साधारण 8,300 कोटींवर आणली. ओरड झाल्यावर त्याच वर्षात ती पुन्हा वाढवावी लागली. पण राज्याने हात आखडला तर काय होतं, हे पाळणाघरांच्या बाबतीत उघड दिसलं.

अंगणवाडी दिवसातले काही तासच चालते. दिवसभर मजुरीला जाणाऱ्या बाईला पाळणाघर लागतं. त्यासाठी 2006 पासून राजीव गांधींच्या नावाची योजना होती. खर्चाचे 90 टक्के केंद्र द्यायचं, 10 टक्के चालवणाऱ्या संस्थेने उभे करायचे. 2017 पासून गणित बदललं: 60 केंद्राचे, 30 राज्याचे, 10 संस्थेचे. कागदावर संस्थेचा वाटा तितकाच राहिला. प्रत्यक्षात आता पैसा दोन दारांतून यायचा, आणि एक दार बंद राहिलं की दुसऱ्याचंही अडायचं. मोठ्या संस्थेकडे शिल्लक असते, ती वर्षभर थांबू शकते. वस्तीतल्या महिला मंडळाला दुधवाला दोन महिन्यांवर उधार देत नाही. 2015 च्या सुमारास देशात 23 हजारांवर पाळणाघरं होती, 2020 पर्यंत ती साडेसहा हजारांच्या आत आली. त्या योजनेत 25 मुलांमागे सेविकेला 3,000 आणि मदतनिसाला 1,500 रुपये होते. दारिद्र्यरेषेखालच्या पालकांकडून महिना 20 रुपये घ्यायचे. सगळी 25 मुलं तशी असली तर फीचे झाले 500 रुपये. एवढ्यावर कोण टिकेल? आता ‘पाळणा’ नावाने 17 हजार अंगणवाडी-नि-पाळणाघरांचं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते पुरं झालं तरी आपण 2015 च्या मागेच.

या शहरात बघा. बनारसी साडी जगभर जाते. मागावर पुरुष बसलेला दिसतो, पण कांड्या भरणं, धागा उकलणं हे घरातल्या बायकांचं काम, आणि त्याचा वेगळा मोबदला सहसा नाही. मूल तिथेच धाग्याच्या गुंत्यात खेळत असतं. पाळणाघराचा कायदा तिला लागू होतो का? 2025 पर्यंत कारखाना कायद्यात 30 हून अधिक स्त्री कामगार लागायच्या. 2017 ला दुरुस्त झालेल्या मातृत्व लाभ कायद्यात 50 कर्मचारी लागायचे. घरातल्या मागाला मालक नाही, हजेरीपट नाही, म्हणून पाळणाघरही नाही. मुंबई-पुण्यातल्या घरकामगार बाईचं तेच, उसाच्या फडातल्या बाईचं तेच. रोजगार हमी कायद्यात निदान कामावर पाच मुलं असली तर सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद आहे. ती किती ठिकाणी पाळली जाते, हे गावी गेलात की फक्त हजेरीपट मागून बघा.

इथे बाबासाहेबांची आठवण फोटोपुरती नको. 28 जुलै 1928 ला मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर ते बोलले. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, असं त्यांनी मान्य केलं. पण सरकार उचलत नाही म्हणून मालक सुटत नाही, कारण बाईला कामावर ठेवण्यात त्याचा फायदा आहे. भार कुणाचा, हा प्रश्न त्यांनी थेट विचारला होता. आपण तो विचारायचं सोडून देऊन ‘आईची माया’ वगैरे बोलत बसतो.

आता नर्सरी. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाचा. पण शाळेला पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर 25 टक्के जागांचं बंधन तिथपासून लागतं. कायदा म्हणतो, सरकार स्वतःच्या शाळेत एका मुलावर जितका खर्च करतं तितका, किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली कमी असेल ती रक्कम शाळेला द्यावी. उत्तर प्रदेशने कित्येक वर्षं ही रक्कम महिना 450 रुपयांवर धरून ठेवली आहे, म्हणजे वर्षाला 5,400. महाराष्ट्राचा दर वर्षाला 17,670. हा फरक मुलाच्या भुकेचा किंवा हुशारीचा नाही, शासन निर्णयाचा आहे.

बड्या शाळांचं रडगाणं मी ऐकत नाही. त्यांना आपली मुलं नको असतात आणि प्रतिपूर्तीची थकबाकी हे सोयीचं निमित्त असतं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारी शाळेच्या एक किलोमीटर आतल्या खासगी शाळांना या बंधनातून मोकळं केलं तेव्हा कोण खूश झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला. पण गल्लीतली नर्सरी वेगळी. 40 मुलांच्या वर्गात दहा मुलं या कोट्यातली, सरकारकडून यायचे महिना 4,500, तेही थकून. मालक कात्री कुठे लावतो? शिक्षिकेच्या पगाराला. आणि ती शिक्षिका बहुतेक वेळा वस्तीतली पहिली पदवीधर मुलगी असते, बीए होऊन काही हजारांवर राबणारी. म्हणजे आपल्याच मुलाचा हक्क आपल्याच मुलीच्या पगारातून भागवला जातो. कोटा नको, असा याचा अर्थ काढू नका. दर सरकारी खर्चाइतका हवा आणि वेळेवर हवा, एवढाच अर्थ आहे.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचं मूल शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतलं. बारावी झालेल्या सेविकेने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करायचा, त्याहून कमी शिकलेलीने वर्षाचा. शिकायला आपली ना नाही. पण शिक्षिकेचं प्रमाणपत्र घेतल्यावर शिक्षिकेची वेतनश्रेणी मिळेल, हे धोरणात कुठे आहे?

तुम्ही काय करू शकता, तेवढं सांगून थांबतो. त्या 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात एक तरतूद आहे, फार लोकांना माहीत नाही. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी लागते. सुट्टीत घरी गेलात की वस्तीतली मुलं मोजा. नाव, वय, आईचं नाव, एका कागदावर. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा, आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय तारीख सिद्ध होत नाही आणि तीन महिने मोजता येत नाहीत. अंगणवाडी असेल तर माहिती अधिकारात विचारा: गेल्या 12 महिन्यांत आहाराचा पैसा कोणत्या तारखेला जमा झाला, भाडं किती महिन्यांचं थकलं, मानधन कधी मिळालं. अर्जावर सेविकेचं नाव घालू नका, त्रास तिला होतो. अर्ज तुमच्या नावाने करा. नमुना लागला तर भाषणानंतर मला भेटा, मी प्रती आणल्या आहेत, मराठीतही आणि हिंदीतही.

जय भीम.