राजरत्न गेला त्या घराचं दुःख

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण)



आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा फार झाली नाही. रात्रपाळी सांभाळून जे वाचलं त्यातलं थोडं सांगतो. बाबासाहेबांच्या विद्वत्तेवर, घटनेवर पुष्कळ भाषणं होतात. त्यांच्या घरातल्या रिकाम्या पाळण्याविषयी फार कोणी बोलत नाही.

बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार लेकरं गेली. धाकटा राजरत्न बापाचा जीव की प्राण. कुटुंब तेव्हा परळच्या बी.आय.टी. चाळीत राहायचं. जुलै १९२६ मध्ये न्यूमोनियानं तोही गेला. त्या काळी या आजारावर हुकमी औषधच नव्हतं. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, आणि ते रोग्याला मिळायला पुढं बारा-पंधरा वर्षं गेली. बाप बॅरिस्टर, पण लेकरू हातातून निसटलं. महिन्याभरानं बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी दुःख लपवलं नाही, आपण सावरलो असं खोटं लिहिलं नाही. म्हणून आम्ही म्हणतो, आपल्या माणसासाठी रडण्यात कमीपणा नाही.

आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, हाच बाप महाडच्या चवदार तळ्यावर उभा होता. दुःख संपलं म्हणून नव्हे, दुःख उरात घेऊन. २७ मे १९३५ ला रमाईही गेल्या. तरी १९३९ च्या डिसेंबरात ते आपल्या जिल्ह्यात हरेगावला आले आणि वतनाच्या जुलमाविरुद्ध बोलले.

आता आपल्या वस्तीचं बघा. कुणाचा कर्ता मुलगा गाडीवरून पडून जातो, कुणाचं लेकरू तापानं जातं. लगेच कुजबुज सुरू, सुनेचा पायगुण वाईट, कुणीतरी करणी केली. अहो, रमाईंना कुणी पायगुण लावला तर आपण ऐकून घेऊ का? मग आपल्या सुनेला का लावता? श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ही १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांतली एक. तरी दहाव्याला काही जण कावळ्याची वाट बघतात!

किसा गौतमीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण, असं तथागतांनी सांगितलं. ती दारोदार फिरली. आम्हाला त्यात एक गोष्ट दिसते. घरोघरच्या माणसांनी आपापलं दुःख तिला सांगितलं, तेव्हा तिला कळलं की आपण एकट्या नाही. आपण मात्र पुण्यानुमोदनाला दोन तास बसतो, जेवून जातो, आणि पुढं महिनाभर त्या घराकडं फिरकत नाही. खरी गरज तर तेव्हाच असते. त्या माउलीजवळ बसायला, पेन्शनचे कागद करायला, पोरांच्या शाळेचं बघायला माणूस लागतो.

आणखी एक. लेकराला धाप लागली, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर डाग देत बसू नका, देवऋषी गाठू नका. तडक दवाखाना गाठा. न्यूमोनियाची लस आता सरकारी दवाखान्यात बाळांना मोफत मिळते. राजरत्नाच्या वेळी औषध नव्हतं. आज आहे. आपल्या आळसापायी एकही पाळणा रिकामा होता कामा नये.