हरिभाऊंनी महाराजांना मागे का ठेवले?

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि पुढे पाव शतक त्यातून क्रमशः ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. ‘म्हैसूरचा वाघ’पासून विजयनगरच्या विनाशावरील ‘वज्राघात’पर्यंतचा हा प्रवास आहे. त्यातही मराठी मनात घर केले ते शिवकालावरील कादंबऱ्यांनी. त्या कालक्रमाने लिहिलेल्या नाहीत. तानाजीवरील ‘गड आला पण सिंह गेला’ १९०३-०४ मधली, तर त्याआधीच्या काळावरील ‘सूर्योदय’ नंतरची, १९०५-०६ मधली. आठवड्याला प्रकरण छापावयाचे म्हटल्यावर पाल्हाळ येणारच, तो आहेही.

‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ या काळात प्रसिद्ध होत होती. ऐन त्याच वेळी, १८९६ साली, लोकमान्यांच्या प्रेरणेने रायगडावर शिवोत्सव झाला. स्वतः हरिभाऊ राजकारणात नेमस्त, गोखल्यांचे स्नेही. पण वातावरण सर्वांचेच भारलेले होते. अशा वेळी महाराजांना पानोपानी उभे केले असते तर वाचकांनी डोक्यावरच घेतले असते. हरिभाऊंनी तसे केले नाही. कादंबरीचा नायक झाला नानासाहेब, एका किल्लेदाराचा कल्पित मुलगा. त्याच्याभोवती श्रीधरस्वामींसारखा संन्यासी आणि सावळ्यासारखा चलाख पोर, अशी माणसे आहेत. बखरींत ज्यांची नावे येत नाहीत, निरोप पोहोचविणे आणि वाटा राखणे हेच ज्यांचे काम, अशा माणसांच्या खांद्यांवर स्वराज्य उभे राहताना दिसते. संघटनेत आयुष्य घालविलेल्या वाचकाला ही माणसे परकी वाटत नाहीत.

यात कारागिरीचाही हिशेब आहे. महाराजांचा निर्णय काय होणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. त्यांना डळमळताना दाखविता येत नाही. कल्पित तरुण मात्र डळमळू शकतो, चुकू शकतो, बापापुढे मान खाली घालू शकतो. इंग्रजीत स्कॉटने राजांना कडेला ठेवून कथानके रचली, ती पद्धत हरिभाऊंनी अभ्यासलेली होती.

परंतु हरिभाऊंचे खरे धाडस रंगराव आप्पांच्या चित्रणात आहे. नानासाहेबांचे हे वडील सुलतानगडाचे किल्लेदार, विजापूरच्या गादीशी एकनिष्ठ. त्यांना लोभी किंवा भेकड रंगविणे अगदी सोपे होते. हरिभाऊंनी त्यांना मानी, सत्यवचनी, खाल्ल्या मिठाला जागणारा वृद्ध केले. मुलगा शिवाजीराजांकडे ओढला जातो तो दुष्ट बापाला सोडून नव्हे, आदरणीय बापाला सोडून. स्वराज्याची किंमत तेथे कळते. गुलामी केवळ दुर्जनांच्या बळावर टिकत नाही. सज्जनांच्या इमानावरही ती पिढ्यान्‌पिढ्या पोसली जाते, हे त्या एका पात्राने सांगितले. पुढे प्रसिद्ध झालेल्या जेधे घराण्याच्या कागदांनी याला जणू साक्षच दिली. १६५९ साली अफझलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडले. त्याच मावळातले खंडोजी खोपडे खानाला मिळाले. हा पेच घरोघरी होता.

म्हणूनच ‘गड आला पण सिंह गेला’ वाचताना मन थोडे खट्टू होते. तानाजी जिवंत झाला आहे, यात शंका नाही. पण उदयभानू हा स्त्रीलंपट खलपुरुष झाला आणि त्याच्या पापाचा घडा भरण्यासाठी कमलकुमारी निर्माण झाली. ही योजना इतकी लोकप्रिय ठरली की १९२३ साली बाबूराव पेंटरांचा आणि १९३३ साली प्रभातचा ‘सिंहगड’ तिच्यावरच उभा राहिला, आणि कमलकुमारी खरीच होऊन गेली असे आजही अनेकजण मानतात. वास्तविक आलमगिराची चाकरी इमानाने करणारा राठोड राजपूत हा रंगराव आप्पांचाच प्रश्न होता, अधिक तीव्र स्वरूपात. तो हरिभाऊंच्या हातात आला होता. आणि त्यांनी तो सोडून दिला. खलनायकाला मारताना तानाजीची तलवार जेवढी चमकते, त्याहून ती एका स्वाभिमानी हिंदू किल्लेदारासमोर अधिक जड झाली असती.

४ फेब्रुवारी १६७०च्या त्या रात्रीचे दोन्ही वीर तेथेच पडले. सिंहगडावर तानाजींची समाधी आहे आणि कल्याण दरवाजाच्या मागे टेकडीवर उदयभानाचे स्मारक म्हणून एक दगडही दाखविला जातो. समाधीपाशी गर्दी असते; टेकडीवर फारसे कोणी चढत नाही.